उभ्याने मीटिंग

बंडबिंड काही नाही हो मॅडम, उगाच मनाला लावून घेऊ नका. तुमचा तो पांढरा फळा थोरल्या सुतारांनी उतरवला, कारण त्याच्यावर गोंद चिकटत नाही— आडवा टाकला की प्लायवूड जोडायला असा गुळगुळीत ओटा दुसरा नाही म्हणतात! कामाच्या चिठ्ठ्या? त्या आहेत ना जपून. रंगाऱ्याने एका चिठ्ठीवर रंग कसा बसतो ते बघितलं फक्त. एकाच? नाही, म्हणजे... सगळ्याच. बसा ना— खुर्चीवर नको, ती गिऱ्हाइकाची, या स्टुलावर बसा.

नव्या आहात म्हणून सांगते. रोज सकाळी उभ्याने मीटिंग करायची हे कुणी काढलं? बसून काम करणाऱ्यांनी. त्यांना तेवढेच पाय मोकळे! आमचे सुतार जन्मभर उभेच आहेत— त्यांना बसवा, चहा द्या, मग बघा कसे पोपटासारखे बोलतात. त्यात तुम्ही विचारता, 'कुणाचं काय अडलंय?' सगळ्यांसमोर! अहो, मिशा पिकलेला माणूस चारचौघांत म्हणेल का, माझं अडलंय म्हणून? सुतार म्हणणार, 'ठीक.' रंगारी म्हणणार, 'ठीक.' मीही म्हणते— पण माझं खरंच ठीक असतं. गाद्या नि कापड, त्यात अडायचं काय?

मीटिंगला जाऊ नका असं त्यांना कोण म्हणालं? मला काय माहीत— म्हणजे, म्हणालं असेल कुणी हसण्यावारी, की एवढं काम पडलंय, मॅडमना उभं राहू दे एकटीला. तोंडातून निघून जातं माणसाच्या. सुतार तर निघालेच होते, मीच त्यांना... जाऊ द्या ते.

नाट्यगृहाच्या खुर्च्या सोमवारी जायच्यात, ठाऊक आहे मला. जातील. मालकांना मध्ये घालू नका— इतक्या वर्षांत माझ्या टाक्याला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही— अहो, खिडकीकडून नका बघू, तिथून रंग खोटा दिसतो! खुर्च्यांच्या पाठी काळपट दिसतात ना? उजेडाचा दोष. मखमल जात्याच लहरी— हात नका फिरवू, मॅडम.

...

हो. उलटं कापलंय. मखमलीची लव खालपासून वरपर्यंत एकाच दिशेला पडायला हवी, हे मीच सगळ्या पोरींना शिकवलं, नि माझीच कात्री फिरली. बैठकीची लव एकीकडे, पाठीची दुसरीकडे. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले— आणि तुम्ही रोज गोड आवाजात, 'काकू, तुमचं काय अडलंय?' कशी सांगणार होते मी?

पुसा म्हणून रुमाल काय देता, रडत नाहीये मी. उरलेल्या कापडात पाठी बसवायच्या तर सुतारांना चौकट बोटभर कमी करावी लागेल, मग रंगाऱ्याला कडा पुन्हा रंगवाव्या लागतील— म्हणजे दोघांनाही सांगायला हवं. आत्ताच.

अहो सुतारदादा! तो रंधा ठेवा खाली. रंगारीबुवा, तुम्हीपण या. हसताय काय, या म्हणते ना! बोलायचंय मला.

मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता? आमचं काम आहे. आणि जाताना दार ओढून घ्या.