मुरूडचे सहा दिवस

— जाच तुम्ही मुरूडला, मी कुठे नको म्हणतोय? अकोले गावच्या माणसाला डोंगर रोजचेच, समुद्र एकदा बघावा. तुमच्या अकोल्याच्या मोटारीला अवकाश आहे, बसा. मी नृसिंह देव, नगरला मास्तर. सेहेचाळीसच्या मे महिन्यात आम्ही गेलो होतो — हवापालट म्हणून. आमच्या मंडळींना, नीलांबरी नाव, विषमज्वर झाला होता. डोक्यावरचे केस सगळे गेले, परत आले ते बोटभर. घरातसुद्धा पदर कपाळापर्यंत. बोलणं नाही, जेवण दोन घास. डॉक्टर म्हणाले, समुद्रावर न्या, दहा दिवस.

आणि काय सांगू — तिसऱ्या दिवशी ही माडाखाली बसून पोहे मागून खात होती! दुपारभर वाळूत पाय पसरून नुसती पडलेली. म्हटलं, सुटलो. सहाव्या दिवशी जंजिरा बघायला निघालो, राजपुरीहून शिडाच्या होडीतून. सोबत पुण्याचे कोणी काकासाहेब, त्यांच्या घरच्या बायका, सगळ्या नटूनथटून. वाऱ्याने हिचा पदर उडाला — तो हिने परत घेतलाच नाही. तशीच किल्ल्यात हिंडली. थोरल्या तोफेवर हात ठेवून म्हाताऱ्या नावाड्याला विचारते, "ही डागली तर आवाज नगरला जाईल का हो?" तो म्हणाला, "बाई, त्याआधी तुमचं हसणं पोचेल." आणि ही मोठ्यांदा हसली. वर्षात पहिल्यांदा. मी काय करायला हवं होतं? मीही हसायला हवं होतं, नाही का? मी जवळ गेलो नि म्हटलं, "डोकं झाक. लोक हसताहेत."

कोणी हसत नव्हतं हो. काकासाहेबांच्या बायकोने तर तिला फणसाचे गरे दिले होते. लाज मला वाटली — मला! संध्याकाळी सांगितलं, शाळेची तार आली, निघायला हवं. "अजून चार दिवस आहेत ना?" एवढंच म्हणाली. तार कुठली! नगरला आल्यावर मंडईत जाताना ती शाळेवरून गेली — फाटकाला कुलूप, सुट्टी तीन आठवडे बाकी. घरी येऊन काही विचारलं नाही. भाजी निवडली, भाकऱ्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला भावाकडे निघून गेली. सव्वा वर्ष झालं. भाऊ म्हणजे आबासाहेब देशपांडे — ओळखता ना? ओळखत असालच, अकोल्याचे म्हणालात म्हणून तर मी... काय? मुलींना शिकवते? बरी आहे? — बरं. बरं झालं.

हा चौथा रविवार. अकोल्याला जायचं म्हणून इथे संगमनेरपर्यंत येतो आणि संध्याकाळच्या मोटारीने परत नगरला. आबासाहेब बोलतील, बोलू देत, त्याचं काही नाही. पण ती दारात येईल, पाण्याचा तांब्या ठेवेल, आणि काहीच विचारणार नाही — मग मी सांगायचं तरी कुठून? की तिथे कोणी हसत नव्हतं...

आली बघा मोटार. अहो, हात सोडा. आज नाही. पुढच्या रविवारी नक्की. चढा तुम्ही — आणि हे बघा, मी भेटलो होतो, हे तिथे बोलू नका. चढा, चढा.