श्रीमंतच्या दहाव्याला सहादेव आन् मी

आन् टक्कल? टक्कल कशाला करायचं म्हनतो मी? तुमी सांगा, सहादेव काय भावकीतला हाय का? न्हाई! आडनाव येगळं, मूळ गाव येगळं, राहात्याच्या स्टँडवर चहाची टपरी चालवनारा मानूस, आन् श्रीमंतच्या दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर सगळ्यात आधी न्हाव्याम्होरं मुंडी खाली घालून बसला! श्रीमंत म्हंजे आपला श्रीमंत राहातेकर हो, सोता गानी लिव्हायचा, सोता चाल लावायचा, गिटार घिऊन सोताच म्हनायचा... ह्या सत्त्यान्नव सालात एक ट्रॅक्टर दावा ज्याच्यावर त्याची कॅसेट वाजत न्हाई! काविळीनं गेला बिचारा. तिशीबी गाठली न्हाई. त्या दिवशी मी जेवलोबी न्हाई, खरं सांगतो तुमाला. पन मी काय गावभर सांगत फिरलो का? सहादेव फिरला. मी जळत न्हाई हां, नुसतं सांगतोय.

मूळ वाद काय हाय ते आधी ऐका. श्रीमंतचं ते गाजल्यालं गानं हाय ना, 'चुकली येष्टी', ते म्हनं सहादेवच्या टपरीवर झालं. ह्यो मानेला झटका दिऊन सांगतो, "त्याची येष्टी चुकली, माझ्याकडं चहा पिला, पिता पिता गानं लिव्हलं." आता येष्टी कुनाची चुकत न्हाई? माझी पिठाची गिरनी हाय बाजारतळाजवळ. श्रीमंत बाजरी दळायला यायचा, डबा ठिवायचा आन् पट्ट्याकडं बघत बसायचा. पट्टा जुना, सांधा आला की वाजायचा... टक्-टक्-टपाक्, टक्-टक्-टपाक्. आता ती कॅसेट लावा. ठेका काय हाय? टक्-टक्-टपाक्! मंग गानं जन्मलं कुठं, टपरीत का गिरनीत? पन पेपरवाला आला त्यो गेला टपरीवर, कारन तिथं चहा मिळतो, गिरनीत नुसतं पीठ नाकात जातं. फोटो छापून आला कुनाचा? सहादेवचा, हातात किटली! मी जळत न्हाई हां. त्यो पेपर मी पिठाच्या डब्याखाली अंथरला, यवढंच.

तर घाटावर मी बघतोय, सहादेव गुळगुळीत, मिशीबी साफ, आन् बाया एकमेकीला दावत्यात, "बघ गं, सख्ख्या भावावानी करतोय." मी सरळ न्हाव्याम्होरं जाऊन बसलो. डोकं झालं. त्यानं इचारलं, मिशी? म्हनलं काढ! त्याची निघाली तर माझी काय सोन्याची हाय? आता सहादेवचा बाप कवाच वारला, त्याला चालतं. माझा बाप... माझा बाप, नाना, तिथंच पायरीवर बसून तंबाखू मळत हुता, धडधाकट! त्यानं वर बघितलं. माझ्या तोंडाकडं बघितलं. तळहातावरची तंबाखू तशीच राह्यली.

"रंभाजी," म्हनला, "मी मेलो व्हय रं?"

मानसं माझ्या बापाकडं अशी बघायला लागली जसं काय त्यो चुकून बसलाय तिथं. एका म्हातारीनं तर मला जवळ घिऊन इचारलं, "कदी गेले रं नाना?" नानाच्या शेजारी बसून!

मंग भाषनं. आपल्याकडं दहावा म्हनलं की भाषनं आलीच. सोसायटीचा चेअरमन उठला, त्याला श्रीमंतचं एक गानं ठावं न्हाई, त्यो उसाच्या भावावर बोलून बसला. मंग माईक घेतला सहादेवनं. म्हनला श्रीमंत मला भाऊ मानायचा, आन् डायरेक्ट 'चुकली येष्टी' चालूच केलं! आवाज म्हंजे काय सांगू, घोडेगावच्या बाजारात म्हस विकायला आनल्यावर वरडती तसा. मला माईक कोन देतंय? मी खालूनच म्हनायला लागलो, मांडीवर ठेका धरून, त्याच्यापेक्षा वर! त्यो चढला की मी चढतोय, मी चढलो की त्यो चढतोय... लोकं रडायची थांबली हो.

पिंड ठिवला. आन् कावळा शिवंना! बाभळीवर ही गर्दी कावळ्यांची, पन एकबी खाली येईना. म्हंजे गेल्याल्याचं कायतरी मनात राह्यलंय, मंग एकेकानं म्होरं होऊन शब्द द्यायचा. श्रीमंतच्या धाकट्या भावानं सांगितलं, गिटार इकनार न्हाई. न्हाई आला. मला कळलं, हा निकाल हाय. ज्याच्या शब्दाला कावळा शिवंल त्यो श्रीमंतचा खरा मानूस. सहादेव हात जोडून म्हनला, टपरीला तुझं नाव देतो... आन् एक कावळा फांदीवरनं सुटला! आन् अर्ध्यातनं माघारी फिरला. तुमाला सांगतो, इतकं बरं मला लग्नातबी वाटलं नव्हतं. मी म्होरं झालो, म्हनलं श्रीमंता, पट्टा बदलनार न्हाई, रोज सकाळी तुझं गानं म्हनून मंगच गिरनी चालू करीन. तर कावळे उठले आन् नदीच्या पल्याड जाऊन बसले! सहादेव म्हनला मी सकाळ-संध्याकाळ म्हनीन. मी म्हनलं मी माईकवर म्हनीन! त्यो म्हनला मी मंडळ काढीन, गावोगाव म्हनीन! उन्हं डोक्यावर आली, लोकं भुकेनं कावली, भटजी दर्भाचा कावळा करायला बसला.

तवा श्रीमंतची आई उठली. बायडाबाई. सकाळपासून बाजूला बसली हुती माउली. डोळे पुसत पिंडापाशी आली आन् हळूच, अगदी पोराला झोपवताना बोलावं तसं म्हनली, "जा रं बाळा, जा निवांत. सहादेव आन् रंभाजी तुजी गानी कदीच म्हननार न्हाईत. मी म्हनूच देनार न्हाई."

एक न्हाई हो... सगळे आले! बाभळ मोकळी झाली! समद्यांनी हात जोडले, चेअरमन रडला, मीबी रडलो. हसू नगा, खरंच रडलो. आता पुन्हा त्यो बाजरीचा डबा घिऊन यायचा न्हाई, हे मला तिथं कळलं.

परत येताना टेम्पोत आमी दोघं टकले शेजारी शेजारी. मनात म्हनलं, चला, निदान दोघांची सारखीच जिरली, आता भांडन मिटलं. राहातं आलं. सहादेव खाली उतरला, धोतर झटकलं, आन् माझ्याकडं बघून म्हनला, "पन म्हातारीनं नाव आधी माझंच घेतलं."

आन् घेतलं हुतं हो... आधी त्याचंच घेतलं हुतं.