कॅमेऱ्याला झोपवलं कोणी

मोहाडीच्या दवाखान्यात तापलेल्या मुलीला मांडीवर घेऊन मी नंबरची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर एक जोडपं लॅपटॉप उघडून बसलं होतं. नवऱ्याच्या आईला आत सलाईन लागलेलं, आणि बायकोची नागपूरच्या नोकरीची मुलाखत थोड्याच वेळात व्हिडिओवर. कॅमेरा मात्र सुरू होत नव्हता.

"दिवाळीत तर चालत होता ना हा?"

"विंडोज नाही, लिनक्स आहे हे. कॅमेऱ्याले चालवणारं मॉड्यूल लोड नाही झालं."

"काहून नाही झालं?"

"ब्लॅकलिस्टमध्ये आहे. म्हणजे मशीन चालू झाली तरी त्याले उठवायचं नाही, झोपू द्यायचं."

"त्याले ब्लॅकलिस्टमध्ये टाकलं कोणी?"

"तुझी माय रोज व्हिडिओ कॉल लावत होती. भाजी काय केली, भांडे कोण घासून राहिलं, सगळं पाहत होती."

"भांडे तर तुम्ही घासत होते."

"तेच पाहत होती ना."

"मग उठवा आता त्याले."

"कमांड देतो, उठते. मशीन बंद केली का पुन्हा झोपन."

"लिस्टमधूनच काढा ना."

"मुलाखत होऊ दे. मंग पाहू."

"नोकरी लागली तर मी नागपूरले राहीन. लॅपटॉप घरीच ठेवीन. मी तिकून रोज पाहीन."

"भांडे?"

"तुम्हाले."

"थांब. काढून राहिलो. हं, कमांडही देली, आता मशीन चालू केली का आपोआप उठन."

"दिसून राहिली मी."

"तुझ्या मायले सांगू नको."