आधी कुणाकडे?

—नाही, रडू नकोस, जोसलिन, नापास करायला नाही बोलावलं मी तुला. बस. परीक्षेच्या कागदावर चार पेशंट दिले होते ना — तू आधी कुणाकडे गेलीस? ओरडत होता त्याच्याकडे. आणि जो नुसताच चुळबुळ करत होता, धापा टाकत होता, त्याला ठेवलंस शेवटी. का? — तो काही मागत नव्हता म्हणून! हो ना. अगं, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांचं हेच होतं. आवाज आला की पाय तिकडे वळतात. मीसुद्धा — म्हणजे ती नर्स, जिची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते — इथलीच, थंडर बेच्या हॉस्पिटलमधली — तिचंही तेच झालं. खुब्याचं ऑपरेशन झालेले लाहतिनेन म्हणून एक म्हातारे होते, जन्म लाकूडतोडीत गेलेला, तक्रार म्हणून माहीत नाही. सकाळी दहाला म्हणाले, "जरा खिडकी उघडता का, सिस्टर? हवा पुरत नाहीये." जानेवारी, बाहेर उणे तीस — आणि खिडकी! मी हसले. म्हटलं, आलेच हं. समोरच्या खोलीत एक जण गार कॉफीवरून थयथयाट करत होता, त्याच्याकडे गेले. वीस मिनिटं — कॉफी, मग उशी, मग पडदा. परतले तर लाहतिनेन गेलेले. फुप्फुसात गुठळी.

हो, मीच. अशी काय बघतेस?

आठवड्यानं त्यांची बायको आली, आउने. वेलदोडा घातलेला गोड पाव घेऊन, स्वतः भाजलेला. म्हणाली, "तुम्ही फार केलंत त्यांचं. शेवटी जवळ होतं ना कुणी?" — होतं, म्हटलं. मी होते. दुसरं काय सांगणार होते? पाव घेतला. खाल्लासुद्धा, सगळा, गाडीत बसून. आणि त्यांच्या चार्टवरही तसंच होतं की — सव्वादहा, पेशंटला पाहिलं, ठीक आहे. मीच लिहिलेलं. ते गेल्यानंतर.

...हे मी वर्गात सांगत नाही. तिथं गोष्ट कॉफीपाशी संपते.

आउने? आहे अजून. एक्क्याण्णवची. रविवारी चर्चमध्ये भेटते, माझा हात दोन्ही हातांत धरते — काय म्हणालीस?

नाही. नाही सांगितलं.

ऊठ, जोसलिन. दीड वाजला, वॉर्डमध्ये वाट बघत असतील. जाताना दार ओढून घे.