लक्ष्मम्माची पंगत

बारा मार्च, कडक ऊन, वारा अजिबात नाही. वहीत नोंदच आहे, कारण त्या दिवशी बन्नूरच्या आमच्या शेडमध्ये कोंबड्यांची वजनं करायची होती. मधोमध जाळी लावून मी ब्रॉयलरची पिलं पाचशे-पाचशे अशी वाढवली होती. डावीकडच्यांच्या खाद्यात शेवग्याच्या वाळलेल्या पाल्याची पूड, उजवीकडे नुसतं खाद्य. शेडमधले भागीदार म्हणजे माझे साडू. त्यांनी आधीच बजावलं होतं, "फरक दिसला तर पूड, नाहीतर बंद."

वजन दोन्हीकडे सारखंच भरलं. खाद्यही सारखंच संपलं होतं.

"आता ती वहीच घाला कोंबड्यांना," साडू म्हणाले.

मी खाद्य घालणाऱ्या लक्ष्मम्माला विचारलं, "पूड फक्त डावीकडेच घातली ना?"

"अय्यो अण्णा, उजवीकडची पिलं जाळीतून टकमका बघत बसायची. एका पंगतीत दोन तऱ्हेचं कसं वाढायचं? मी दोन्हीकडे घातली!"

साडू पोट धरून हसले. मी त्यांच्याकडून आणखी एक बॅच मागून घेतली आणि जाळीवर वरपासून खालपर्यंत गोणपाट शिवलं.

"लक्ष्मम्मा, आता पंगती दोन."

तिनं खाली वाकून तपासलं. एक भोक सापडलं, तेही मला शिवायला लावलं. "हां, आता दिसत नाही."

ती बॅच निघाली त्या दिवशी ढगाळ होतं. डावीकडे सरासरी दोन किलो ऐंशी ग्रॅम, खाद्य चौतीस पोती. उजवीकडे दोन किलो पन्नास ग्रॅम, छत्तीस पोती. "वजन जास्त, वर दोन पोती वाचली. पूड चालू," साडू म्हणाले.