वेशीवरची पाटी

साताऱ्यात माजी सैनिकांच्या कँटीनच्या रांगेत माझ्यापुढे एकाच गावचे दोन निवृत्त सुभेदार उभे होते. एक नाथाजी. दुसरे बिराप्पा, वेशीवरच्या मानाच्या पाटीवर कुणाचं नाव जाणार हे ठरवणारे.

“बिराप्पा, माज्या संयोगिताचं नाव कवा लिवतूस?”

“नाथाजी, त्या पाटीवर फौजेतलीच नावं असत्यात. तुजी लेक प्रयोगशाळंत हाय.”

“वीस वरसं हाय. परवा लय मोठा पुरस्कार मिळाला.”

“कशापायी?”

“पेशीतला डीएनए तुटला की पेशी काय करती, ते शोधती ती.”

“काय करती?”

“पहिलं काम थांबवती. मग दुरुस्तीवाल्यांना बोलावती.”

“आन् दुरुस्ती न्हाईच झाली तर?”

“सोताला संपवती. बाकीच्यांना कॅन्सर हू नये म्हणून.”

“आपनहून?”

“व्हय. तो हुकूम पोचवणारं एक प्रथिन पोरीनं हुडकलं.”

रांग पुढं सरकली. बिराप्पा जागचे हलले नाहीत.

“असल्या पेशी माज्यात बी हायत?”

“तुज्यात बी.”

“आन् आमाला पत्ताच न्हाई. पेंटरला फोन लाव रं. हुद्दा काय लिवू?”

“डॉक्टर.”

“नगं. लोकं तापाच्या गोळ्या मागत्याल. शास्त्रज्ञ लिवतो, पहिल्या ओळीत. पन तितं तुजं नाव हाय, ते खाली सरकवावं लागंल.”

“सरकव की गड्या, पार तळाला ने! फकस्त म्होरं ‘संयोगिताचे वडील’ एवढं वाढव.”