मुदतवाढ

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. दाढ थोरलीची दुखत होती, कळवळत होती धाकटी. ती ग्रंथपाल.

"ताई, मास्तरांना एकट्यांना पाठवायचा निरोप मी वाचनालयाच्या ग्रुपवर टाकला गं."

"त्यात काय एवढं? पुस्तक परत करा, इतकंच ना?"

"पुस्तकाचं नावही होतं. 'दारू सोडण्याचे सोपे उपाय'. मुदत संपून तीन महिने."

"अगं बाई! ग्रुपवर किती जण?"

"तीनशे बारा. निम्मे त्यांचेच विद्यार्थी."

"लगेच पुसायचं होतंस की!"

"पुसेपर्यंत चाळीस अंगठे आले होते."

"माफी तरी मागितलीस?"

"हात जोडल्याचं चित्र टाकलं. तेही ग्रुपवरच गेलं."

"धन्य आहेस! अगं, घरी जायचं त्यांच्या."

"काल गेले होते. त्यांनी स्वतःच दार उघडलं. पुस्तक हातातच होतं, मधे बोट घातलेलं. म्हणाले, 'बाई, शेवटचं प्रकरण राहिलंय. मुदत वाढवून द्याल का?'"

"मग? तू काय म्हणालीस?"

"मान वर करवेना, ताई. तोंडातून निघून गेलं, 'ऑनलाइन अर्ज करा.'"